समुद्राकाठची इस्टेट

ग्लासगो, १४ सप्टेंबर १९८७

प्रिय बाय,

तू सुखरूप वसईला पोचलीस हे पास्कूच्या तारेवरून कळलं. तार करायची भाच्याला आठवण राहिली, त्याच्या आईला राहिली नाही, असो. दोन महिने राहायला म्हणून आलेली माझी थोरली बहीण तीन आठवड्यांत परत गेली, याचं कारण इथे सगळे विचारतात. तुला इथली थंडी सोसली नाही, असं तुझी भावजय फिलोमेना सांगते. मीही हॉस्पिटलात तेच सांगतो. ऑगस्टात कसली आली आहे थंडी, पण स्कॉटलंडच्या लोकांना थंडीबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं.

अनिता तुझ्या खोलीत झोपायला लागली आहे. 'डॅडी, माझा आत्या परत कधी येणार?' असं रोज विचारते. तेरा वर्षांची घोडी झाली, तरी तिची आत्या पुल्लिंगीच आहे. मी दुरुस्त करत बसत नाही. तुला एकंदरीत ते शोभतंही.

रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर केरसाहेब भेटले. आपल्याकडे चहाला आले होते ते उंच, पांढऱ्या मिश्यांचे म्हातारे वकील. तुझी फार चौकशी केली. त्यांनी माझं नाव पुढे पाठवायचं नक्की केलं आहे. कशासाठी ते तुला सांगितलंच होतं, त्या सरदारांच्या जुन्या संघासाठी. इथे त्याला ऑर्डर म्हणतात. आपल्या लोकांतला माणूस तिथे मी तरी अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी चहाच्या वेळी बोलण्याबोलण्यात काही पुढेमागे झालं असलं तर मनावर घेऊ नकोस. एका भाषेतलं दुसरीत सांगताना थोडं इकडचं तिकडे होतंच. आणि फिलोमेनाने काढून ठेवलेली साडी न नेसता तू लुगडं नेसून, अंबाड्यात सोन्याची फुलं खोचून बसलीस, त्याबद्दल मी एक अक्षर तरी बोललो का?

पत्र टाक. पास्कूला सांगू नकोस लिहायला, तुझ्या हाताने टाक.

तुझा,
इनास

ग्लासगो, ७ फेब्रुवारी १९८८

बाय,

नाताळात अनिताच्या नावाने कार्ड आलं. त्यात तिच्या आईची चौकशी होती, तिच्या मांजराची होती, माझी नव्हती. घरात मला मांजराच्या खालची पायरी मिळाली म्हणायची.

ठीक आहे, तू बोलत नाहीस तर मी बोलतो. एका बिल्ल्यासाठी मी बापाला विकलं असं तुझं म्हणणं असणार. आधी ते आहे काय ते तरी ऐक.

रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन लढाईला निघाला, तेव्हा त्याला आकाशात क्रूस दिसला आणि 'या खुणेने जिंकशील' अशी अक्षरं दिसली. मग त्याने पन्नास सरदार निवडले आणि संत जॉर्जच्या नावाने ही ऑर्डर सुरू झाली, अशी कथा आहे. नंतर ती एका सम्राटवंशातल्या घराण्याकडे होती, त्यांच्याकडून पार्म्याच्या ड्यूककडे गेली, तिथून नेपल्सच्या राजांकडे. तिचा धनी पोप नाही की सरकार नाही, ते राजघराणं आहे. त्यांची गादी जाऊन सव्वाशे वर्षं होऊन गेली, पण मान द्यायचा हक्क घराण्यात राहिला. आपल्याकडे संस्थानं गेली, तनखे गेले, तरी दसऱ्याला महाराजांपुढे मुजरे घडतातच की नाही, तसं. त्यातही खरा प्रमुख कोण, यावरून चुलतभावांत भाऊबंदकी आहे. भाऊबंदकी कुणाला सुटली आहे?

तर वरच्या वर्गासाठी कुलीन घराणं लागतं. आजेआज्या चारी बाजूंनी कुलीन. केरसाहेबांनी मला विचारलं, परेरा म्हणजे तुम्ही पोर्तुगीज रक्ताचे का? मी नाही म्हणालो. तिथे खोटं बोललो नाही. मी म्हणालो, धर्मांतराआधी आम्ही ब्राह्मण होतो. वसईतले ब्राह्मण ख्रिस्ती झाले हे काय खोटं आहे? ते आपण नव्हतो, एवढंच. पाद्रींनी बाप्तिस्मा देताना बागायती करणाऱ्या वाडीवाल्यालाही परेरा केलं आणि डोलकरालाही. गावात कोण कुठल्या आळीचा ते शेंबड्या पोरालाही कळतं. ग्लासगोत ते कुणालाच कळत नाही. मी त्याचा फायदा घेतला.

आणि त्यांच्या आग्रहावरून घराण्याची वंशावळ एका कागदावर काढून दिली. आजोबांच्या आजोबांपर्यंत. सगळे बागायतदार.

मग तू आलीस. केरसाहेबांनी तुला विचारलं, वडील काय करत? तू सरळ सांगितलंस, 'माजा बापूस डोलकर व्हता. आय म्हावरा इकायची. आता मी इकतंय.' आणि माझ्याकडे पाहिलंस, याला सांग म्हणून. मी केरसाहेबांना सांगितलं, समुद्राकाठी आमची जुनी इस्टेट आहे, वडील ती बघत, हल्ली माझी बहीण बघते.

तुला इंग्रजी येत नाही. पण 'फिशरमन' हा शब्द तुला येतो, किल्ला बघायला येणाऱ्या गोऱ्यांच्या तोंडी तू तो शंभरदा ऐकला आहेस. मी इतकं लांबलचक बोललो आणि त्यात तो शब्द आला नाही. तू हातातली कपबशी खाली ठेवलीस. मला ते दिसलं. तेवढ्यात वॉर्डवरून फोन आला म्हणून मी बाहेर गेलो, आणि खरं सांगायचं तर फोन आला म्हणून देवाचे आभार मानले. मुद्दाम लांबवला. परत आलो तर तू आणि अनिता छान बसला होता, केरसाहेब हसत होते. म्हटलं, निभावलं.

निभावलं नाही, हे तू बॅग भरायला घेतलीस तेव्हा समजलं.

पण एकदा माझ्या बाजूनेही बघ. पाद्रींच्या शाळेत मी बाकावर बसलो की वाडीवाल्यांची पोरं नाकाला रुमाल लावायची. तू माझा सदरा लिंबू चोळून धुवायचीस, तो का? वास जावा म्हणूनच ना? मग आता मी तो घालवला तर माझ्यावर का रागावतेस?

इनास

ग्लासगो, ३० ऑक्टोबर १९८८

प्रिय बाय,

मागचं पत्र तावातावाने लिहिलं होतं. पोस्टात टाकल्यावर डबा फोडून परत काढावंसं वाटलं. शेवटची ओळ तर लिहायलाच नको होती. तू सदरा धुतलास तो मला कुणी हसू नये म्हणून, आणि मी ते तुझ्याच तोंडावर फेकलं.

सोबत फोटो आहे. मागच्या महिन्यात लंडनला एका चर्चमध्ये समारंभ झाला. निळा झगा, त्यावर लाल क्रूस, क्रूसाच्या चार टोकांवर त्या 'या खुणेने जिंकशील'ची चार अक्षरं. लॅटिनमध्ये शपथ घेतली. ऑर्गन सुरू झाला तेव्हा, खोटं कशाला सांगू, छाती भरून आली.

मला मात्र वरच्या वर्गात घेतलं नाही. मेरिट म्हणतात त्या वर्गात घेतलं. तिथे घराणं विचारत नाहीत, माणसाचं काम बघतात. आहे की नाही मजा? एवढा ब्राह्मण होऊनही मी खालच्या पंगतीलाच. आठवडाभर मला तो अपमान वाटत होता. हिंदुस्थानी माणसाची वंशावळ यांच्या लेखी वंशावळ नसते, असं मी फिलोमेनाला तणतणून सांगितलं. ती म्हणाली, 'इनास, तुझी तर तुझ्याही लेखी नाहीये.' वांद्र्याची बाई, बोलायला लागली की ऐकवत नाही.

समारंभानंतर जेवण होतं. अख्खा मासा आला, ट्राउट. सगळे सुरीकाट्याने चाचपडत होते. मी गप्पांच्या नादात सुरी घातली आणि एका ओढीत सबंध काटा बाहेर काढला, वर डोकं, खाली शेपूट. शेजारच्या बाई बघतच राहिल्या. 'डॉक्टर, हे कुठे शिकलात?' मी म्हणालो, सर्जरीच्या टर्ममध्ये. सगळे हसले आणि मीही हसलो. काटा काढायला आयने शिकवलं होतं, ओट्यावर बसवून, हातात हात धरून. ती माझ्या तोंडाशी आली होती, बाय, आणि मी तिला परत गिळलं.

फोटोत अनिता नाही. उभी राहायला तयार झाली नाही. गाडीत मी रागावलो तेव्हा म्हणाली, 'तुझा क्लोक छान आहे, डॅडी. पण आत्याबद्दल लाय नाही करायला पाहिजे होता.' तिला त्या दिवशीचं मराठी समजलं होतं. आपल्या पोरीला आपली भाषा समजत नाही असं धरून मी तिच्यासमोर बोललो होतो.

तुझं कार्ड तिला याही वर्षी येईल ना? माझं नाव नसलं तरी चालेल.

तुझा,
इनास

ग्लासगो, १८ नोव्हेंबर १९९०

प्रिय बाय,

दोन वर्षं लिहिलं नाही. तू उत्तर देत नाहीस हे निमित्त, खरं म्हणजे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आज आहे.

आमच्या पॅरिशमध्ये मला ऑर्डरच्या इतिहासावर व्याख्यान द्यायला सांगितलं. डॉक्टर माणूस, मला इतिहास कुठला येणार? मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसलो आणि वाचता वाचता चाटच पडलो. कॉन्स्टंटाइनने ही ऑर्डर काढली ही नुसती दंतकथा. इतिहासाचे लोक तिला दारातही उभं करत नाहीत. खरी ऑर्डर सोळाव्या शतकात दिसायला लागते, अँजेली नावाच्या घराण्यात. हे लोक तुर्कांच्या मुलखातून निसटून इटलीत आले होते. परक्या देशात त्यांना कोण ओळखणार? तेव्हा त्यांनी सांगितलं, आम्ही कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांचे वंशज. तशी वंशावळही दाखवली. आज अभ्यासक म्हणतात, ती बरीचशी रचलेली.

हे वाचल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल सांग. बरं वाटलं. म्हटलं, आपण काही पहिले नाही, चारशे वर्षांपूर्वीच्या थोरामोठ्यांनीही हेच केलं आहे. चहा करून घेतला. चहा पिता पिता मला स्वतःची इतकी किळस आली की कप तसाच ठेवून दिला. चोराला चोर सापडला म्हणून खूश होणारा माणूस झालो मी.

व्याख्यान दिलं. लोकांना आवडलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून एक आयरिश म्हातारी उठली. चर्चमध्ये फुलं लावते ती. म्हणाली, 'ते सम्राटाचे कुणी नव्हते हे कळलं. मग त्यांचा खरा बाप काय करत होता?'

साधा प्रश्न होता. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि मला वाटलं हे सगळे मलाच विचारताहेत. मी म्हणालो, त्याची कुठे नोंद नाही. केरसाहेब पुढच्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली.

आपल्या बापाची नोंद आहे, बाय. तू ती माझ्या दिवाणखान्यात बसून, ताठ मानेने सांगितलीस. मला फक्त ती इंग्रजीत सांगायची होती. वादळात दोन माणसांना पाण्यातून ओढून काढलं होतं बापूसनं, बंदरावर अजून त्याचं नाव निघतं. आणि मी त्याला एका बागेत बसवून ठेवलं, न लावलेल्या नारळांखाली.

मला लाज वाटते. हे मराठीत लिहायला सोपं नाही, पण इंग्रजीत लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं. मला बापूसची लाज वाटत होती तेव्हा मी मजेत होतो. आता माझीच वाटते, आणि ती कुठे ठेवावी ते समजत नाही.

केरसाहेबांना सांगायला पाहिजे. धीर होत नाही. ते सगळ्यांदेखत मला काढून टाकतील, याची भीती वाटते. एवढं लिहूनही अजून भीती वाटते ती त्याचीच. बघ तुझा भाऊ.

इनास

ग्लासगो, २२ मार्च १९९२

प्रिय बाय,

केरसाहेब नन्सच्या शुश्रूषागृहात आहेत. कॅन्सर आहे, महिना काढतील असं वाटत नाही. मी डॉक्टर म्हणून जातो, मित्र म्हणूनही. परवा गेलो तो मनाशी ठरवून गेलो. माणूस जायच्या आधी त्याच्याशी खरं बोलावं, आणि खरं सांगू का, जाणारा माणूस आता आपल्याला काढून कुठे टाकणार, हाही हिशेब मनात होताच. माझ्या चांगुलपणालाही अशी किनार असते, तुला ठाऊक आहे.

मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, मला तुम्हाला काही सांगायचं आहे, माझे वडील बागायतदार नव्हते. ते मासेमारी करत. आई बाजारात मासे विकायची. आणि माझी बहीण...

'आणि तुझी बहीण अजून विकते,' केरसाहेब म्हणाले. 'बाजारात तिची जागा पिंपळाखाली आहे. पाऊस आला की प्लास्टिक बांधावं लागतं.'

बाय, मला हे माहीत नव्हतं, प्लास्टिक बांधावं लागतं ते.

त्यांनी मग सांगितलं. बोलायला धाप लागत होती, मी थांबवलं तरी थांबले नाहीत. त्या दिवशी मी फोनला बाहेर गेलो, तेव्हा तू अनिताला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, मी सांगतंय ते या साहेबाला सांग. अनिताने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीवरून जमेल तसं सांगितलं. बापूस कोण, आय कोण, तू काय करतेस, सगळं. केरसाहेब म्हणाले, 'जिथे मुलीला शब्द सापडला नाही तिथे तुझ्या बहिणीने डोक्यावर टोपली घेऊन दाखवली. बाजारात चालावी तशी ती तुझ्या गालिच्यावर चालली. मी हसलो, ते तिला नाही. तिचं चालणं पाहून मला आनंद झाला.'

मी आत आलो तेव्हा ते हसत होते ते हेच. आणि मी म्हटलं होतं, निभावलं.

मी दिलेली वंशावळ त्यांनी त्याच संध्याकाळी जाळून टाकली. पुढे पाठवलीच नाही. छातीच्या विकारांच्या वॉर्डातल्या माझ्या कामाबद्दल एक पत्र लिहिलं, खाणकामगारांना रात्री-अपरात्री जाऊन बघतो वगैरे, आणि तेवढ्यावर मला घेतलं. म्हणजे जो वर्ग मला अपमान वाटत होता, त्यात मी खऱ्यावर आत गेलो होतो. साडेतीन वर्षं मी त्यांच्याशेजारी निळा झगा घालून उभा राहत होतो, खोटं पचलं म्हणून निर्धास्त, आणि ते सगळं जाणून माझ्यासाठी गादी झटकून जागा करून देत होते.

मी विचारलं, मला कधी बोलला का नाहीत?

ते म्हणाले, 'तिने वचन घेतलं होतं. माझ्याकडून आणि मुलीकडूनही. आज तू आपणहून सांगितलंस म्हणून मी मोकळा झालो.'

घरी येऊन अनिताला विचारलं. आता अठराची आहे, कॉलेजात जाते, पण रडायला लागली की अजून लहानच. 'आत्यानी प्रॉमिस घेतला होता, डॅडी. मी ब्रेक कसा करणार?' मग मी म्हटलं, आत्या नक्की काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत सांग. तिने डोळे मिटले आणि अगदी तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. इतकी वर्षं तिने ते पाठ करून ठेवलं होतं. एकही अक्षर चुकलं नाही.

'माजा भाव चांगला डाक्तर हाय. त्याला तुमचा जो काय क्रूस हाय तो द्या. आन मी सांगितलं ता त्याला कलू देव नका, त्याला लाज वाटंल.'

माझ्यावर रागावून तू गेलीस, आणि जायच्या आधी माझी लाज राखायची सोय करून गेलीस. साडेचार वर्षं मी तुझ्या न आलेल्या पत्रांचा हिशेब मांडत बसलो होतो.

क्षमा कर असं लिहिणार नाही. ती तू तेव्हाच करून ठेवली आहेस आणि रागही ठेवला आहेस, दोन्ही तुझं आहे.

ईस्टर झाल्यावर मी आणि अनिता येतो आहोत. विमानतळावर पास्कूला पाठवू नकोस. मी आधी घरी येणार नाही. सरळ बाजारात येईन, सकाळच्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत, पिंपळाखाली तुझ्या टोपलीसमोर उभा राहीन. ओळख दाखवायची की नाही ते तू ठरव.

तुझा,
इनास